ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांना खुले पत्र: आमचा कागद आमच्या भाषेवरून ठरवू नका

प्रति,
विंडोज, मॅकओएस, लिनक्स आणि क्रोम यांतला छपाईचा भाग लिहिणारे, तपासणारे आणि त्याबद्दलचे निर्णय घेणारे सर्वजण यांना

विषय : प्रिंटरसाठी आपोआप धरला जाणारा कागदाचा आकार

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर, झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान चालवते. सातबारा, आठ-अ, फेरफार, उत्पन्नाचे दाखले, भरतीचे अर्ज, हॉल तिकिटे, बचत गटांचे ठराव, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नाचे बायोडेटा असा तालुक्याचा बहुतेक कागद आमच्यासारख्या दुकानांतूनच बाहेर पडतो. माझ्या ट्रेमध्ये ए-फोर असतो. प्रतिज्ञापत्र आणि कोर्टाच्या कामासाठी लिगल असतो. क्वचित ए-थ्री लागतो. अमेरिकी ‘लेटर’ आकाराची रीम मी कधी विकत घेतलेली नाही, आणि माझा कागदवाला म्हणतो की त्यानेही कधी ठेवलेली नाही.

तरीही नवीन संगणक लावला, नवीन प्रिंटर जोडला किंवा ड्रायव्हर नव्याने टाकला की समोर लेटरच येऊन बसतो. आम्ही तो बदलतो. काही दिवसांनी तो पुन्हा येतो. ही कुरकुर आमच्या धंद्यात इतकी जुनी आहे की कोणी तिच्याबद्दल बोलतही नाही. पोरगा दुकानात नवा आला की त्याला पहिल्या दिवशी ‘आधी पेपर साइझ बघ’ एवढे शिकवून आम्ही मोकळे होतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका शेतकऱ्याच्या नकाशावरून जे झाले ते पाहिल्यावर गप्प बसणे मला पटेना. ते पुढे सांगते. हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारखी दुकाने गावोगाव आहेत आणि ज्यांचे कागद छापले जातात त्यांनाही हे कळायला हवे.

दोन कागदांतला फरक आधी सांगते. ए-फोर २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. लेटर साडेआठ इंच बाय अकरा इंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. लेटर सहा मिलिमीटरने रुंद आणि साडेसतरा मिलिमीटरने आखूड. एकावर एक ठेवले तर कोणीच कोणाला पूर्ण झाकत नाही, म्हणून एकासाठी मांडलेले पान दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरत नाही.

ए-फोरबद्दल मला आपुलकी आहे, ती केवळ सवयीची नाही. जर्मनीत १९२२ साली वाल्टर पोर्स्टमान यांनी मांडलेला हा मापांचा संच १९७५ साली आयएसओ २१६ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतके आहे, त्यामुळे कागद मधोमध दुमडला तरी आकृती तीच राहते. ए-झीरो बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून ७५ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) एका ए-फोर पानाचे वजन ४.७ ग्रॅमच्या आसपास आणि ५०० पानांची रीम सुमारे २.३४ किलो, हा हिशोब आम्ही तोंडी करतो. झेरॉक्स मशीनवर ७१ टक्के आणि १४१ टक्के अशी तयार बटणे असतात, तीही याच प्रमाणामुळे: ए-थ्रीचा ए-फोर करा, दोन ए-फोर शेजारी ठेवून एका पानात आणा, कडेला काही उरत नाही आणि काही कापले जात नाही. प्रश्नपत्रिकेची पुस्तिका जुळवताना या सोयीची किंमत कळते. लेटरच्या बाबतीत हे जमत नाही. भारताने आपल्या मानकांत हाच ए-संच घेतला आहे. कोर्टात लिगलची जुनी वहिवाट आहे, पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी ए-फोर आणि दोन्ही बाजूंनी छपाई असा नियम केला. देशाचा कागद कोणता याबद्दल इथे काही संशय उरलेला नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी की तुम्ही कागद माणसाच्या भाषेवरून ठरवता.

विंडोजमध्ये प्रत्येक प्रादेशिक स्वरूपासोबत (तारीख, आकडे, चलन कसे दाखवायचे ते ठरवणारी ‘रिजनल फॉरमॅट’ ही निवड) कागदाचा एक आकडा ठेवलेला असतो. लेटरचा १, लिगलचा ५, ए-थ्रीचा ८, ए-फोरचा ९. मराठी किंवा ‘इंग्रजी (भारत)’ निवडले की ९ मिळतो. ‘इंग्रजी (युनायटेड स्टेट्स)’ राहिले की १. आमच्याकडे संगणक असेंबल करून घेतात. दुकानदार विंडोज टाकताना पहिल्या पडद्यावर जे आधीच निवडलेले असते तेच ठेवून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जातो. कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो, तो निवडणे बरोबरच आहे, कारण आपल्याकडे बाजारात तोच मिळतो. मेनू इंग्रजीत हवे असतात, कारण मुले एमएस-सीआयटीला इंग्रजी मेनूवर शिकलेली असतात. या सगळ्यात ‘मला अमेरिकी कागद हवा’ असे कोणी कुठे म्हटलेले नसते. घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले असते. देश विचारला तेव्हा ‘भारत’ सांगितलेला असतो, आणि तो प्रादेशिक स्वरूपाहून वेगळा, स्वतंत्र नोंदवलेलाही असतो. म्हणजे यंत्र कुठे बसले आहे ते तुमच्याजवळ लिहिलेले आहे. तरी कागद ठरवताना तुम्ही त्या नोंदीकडे न जाता भाषेच्या स्वरूपाकडे जाता.

लिनक्सच्या लोकांनी हा विचार जास्त बारकाईने केला होता, हे मी मान्य करते. तिथे भाषा, चलन, तारीख यांच्या जोडीला ‘एलसी_पेपर’ नावाचा वेगळा कप्पा आहे आणि त्यात फक्त कागदाची उंची व रुंदी असते. भाषा अमेरिकी इंग्रजी आणि कागद भारताचा, असे त्यात सरळ लिहिता येते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात तर ‘पेपरसाइझ’ नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात ए-फोर एवढा एकच शब्द लिहायचा. पण छपाईचे प्रत्यक्ष काम जो कप्स करतो, त्याच्या ‘डिफॉल्टपेपरसाइझ’ या सेटिंगचे मूळ मूल्य ‘ऑटो’ असते. जिथे त्याला वरची फाइल वाचता येत नाही, तिथे हे ‘ऑटो’ पुन्हा भाषेकडेच बघते. भाषा ठरवलेलीच नसेल, किंवा ती अमेरिका-कॅनडाची असेल, तर लेटर, नाहीतर ए-फोर.

‘भाषा ठरवलेली नसेल तर लेटर’ हे मला कळत नाही. लिनक्सच्याच मूळ सी लायब्ररीला, म्हणजे बहुतेक प्रोग्राम ज्यावर उभे असतात त्या तळाच्या भागाला, विचारा की काहीच ठरवलेले नसताना कागद कोणता. ती २९७ बाय २१० सांगते, म्हणजे ए-फोर. एकाच यंत्रावर, एकाच क्षणी, ‘काही माहीत नाही’ या एकाच स्थितीतून तळाचा थर ए-फोर काढतो आणि वरचा थर लेटर काढतो. दुकानात बसलेल्या माणसाने यातले कोणते खरे मानायचे?

कोणत्या देशात तारीख, चलन, कागद काय चालतो हे नोंदवणाऱ्या, युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यातही याचे उत्तर तयार आहे, आणि तो साठा तुम्ही सगळेच वापरता. त्यात जगाचा कागद म्हणून ए-फोर लिहिलेला आहे. लेटरसाठी अपवाद म्हणून अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, फिलिपीन्स, चिली, कोलंबिया, व्हेनेझुएला आणि मध्य अमेरिकेतले काही देश अशी मोजकी नावे दिलेली आहेत. भारत त्यात नाही. नियम नीट लिहिलेला आहे. चुकते ते त्याला प्रश्न विचारताना: ‘हा संगणक कोणत्या देशात आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘याची भाषा कोणती?’ असे विचारले जाते, आणि मग आमच्या वतीने अमेरिका उत्तर देते.

दुसरी तक्रार गुपचूप लहान करण्याची. सगळ्यात जास्त नुकसान हिच्यामुळे होते.

प्रिंटर लेटर धरून बसलेला आणि फाइल ए-फोरची असेल, तर बहुतेक प्रोग्राम पान ‘फिट’ करतात. २९७ मिलिमीटर उंची २७९.४ मध्ये बसवायची म्हणजे सगळे ९४ टक्क्यांवर येते. अर्ज असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही. अक्षर किंचित बारीक, खाली बोटभर जास्त कोरी जागा, एवढीच खूण. साधा प्रिंटर ट्रेमध्ये कोणता कागद आहे हे तपासत नाही. तो ए-फोर ओढतो, त्यावर लेटरच्या मापाने छापतो आणि काम झाले असे सांगतो.

आमच्याकडे एक शेतकरी काका मोजणीच्या ‘क’ प्रतीची पीडीएफ घेऊन आले. पुण्यात राहणाऱ्या पुतण्याने नीट स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवली होती. बांधावरून शेजाऱ्याशी कुरबूर चालू होती आणि दोघांना एकत्र बसून नकाशा बघायचा होता. त्या आठवड्यात दुकानात नवा संगणक बसला होता. प्रिंट छान आली, रेघा स्वच्छ, गट क्रमांक वाचता येण्यासारखे. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण छापलेले होते, १:५००. घरी जाऊन त्यांनी पट्टी लावली. या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना पाठ असते. मोजणीत ८० मीटर असलेला बांध कागदावर १६ सेंटिमीटर भरायला हवा होता. तो १५ भरला. म्हणजे ७५ मीटर. काकांना वाटले, पाच मीटर गेले. शेजाऱ्यालाही पट्टी लावून तेच दिसले, आणि त्याला वाटले की आपण इतके दिवस म्हणत होतो ते खरे ठरले. लांबी ९४ टक्के झाली की क्षेत्र साडेअठ्ठ्याऐंशी टक्के होते. एकराचे ४० गुंठे अशा कागदावर मोजले तर साडेपस्तीसही भरत नाहीत.

दोन्ही घरांतली माणसे चार दिवसांनी तोच कागद घेऊन दुकानात आली तेव्हा आवाज चढलेले होते. मी पुतण्याची फाइल पुन्हा उघडली, कागद ए-फोर केला, प्रमाण १०० टक्के केले आणि त्यांच्यासमोर नवीन प्रिंट काढून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून दाखवले. रेघा एकमेकींपासून आत सरकलेल्या होत्या, कडेला गेलो तशा जास्त. त्यांनी ते मानले, हा त्यांचा समजूतदारपणा. पण ज्या गावात बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टकचेरी चालते, तिथे असा कागद एखाद्या वकिलाच्या फायलीत जाऊन बसला असता तर त्याचे काय झाले असते याचा विचार तुम्ही करा. कागदावर ‘१:५००’ छापलेले आहे आणि कागद १:५०० नाही. ते कुठेही लिहिलेले नाही, पडद्यावर कोणी सांगितलेले नाही.

नकाशा हे एकच उदाहरण नाही. घराच्या बांधकामाचे नकाशे, शिवणक्लासच्या मुलींचे कटिंगचे नमुने, लेबलांच्या चिकटपट्ट्यांची ए-फोर शीट, इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या मुलांची ड्रॉइंग, ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोंची शीट, ही सगळी मापाची कामे आहेत. ९४ टक्क्यांवर ३५ चे ३३ होतात आणि ४५ चे ४२. अर्जाच्या चौकटीत फोटो बसत नाही, आणि खिडकीवरचा माणूस अर्ज परत करतो.

तिसरी तक्रार प्रिंटर अडण्याची. ज्या प्रिंटरला ट्रेमधला कागद कळतो तो वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. तो थांबतो. नारिंगी दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर लेटर भरा असे येते. लेटर नसतोच, त्यामुळे काम रद्द करावे लागते, आणि रद्द होईपर्यंत त्याच्यामागची सगळी कामे रांगेत अडकतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेला, संध्याकाळी, पंधरा-वीस पोरे काउंटरला टेकून उभी असताना हे होते. चुकीच्या निघालेल्या पानाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही आणि त्याने का द्यावेत? पण मला त्या पानांपेक्षा त्या पोरांच्या वेळेचे वाईट वाटते. कोणी शेवटच्या एसटीसाठी निघायचे असते.

याच तक्रारीचा दुसरा भाग असा की एकदा बदललेले टिकत नाही. विंडोजमध्ये प्रिंटरचा कागद ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये बदलला तर तो त्या एका वापरकर्त्यापुरता बदलतो. सगळ्यांसाठी बदलायचा तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीज, त्यात ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ इथवर जावे लागते. हे गाठले तरी झाडलोट करताना कोणी यूएसबीची वायर काढून शेजारच्या खाचेत घातली, की अनेक प्रिंटर ‘कॉपी १’ नावाने नव्याने उगवतात आणि त्या नव्या नोंदीत पुन्हा लेटर. ड्रायव्हर नव्याने टाकला तरी तेच. शिवाय वर्डच्या फाइलचा स्वतःचा कागद वेगळा, आणि प्रिंटच्या खिडकीत दिसणारा वेगळा. माणसाने एकदा सांगितले की त्याला ए-फोर हवा, तर ते ऐकून ठेवणारी एक जागा असायला हवी. मॅकवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट पेपर साइझ’ असा एक सरळ पर्याय आहे, सगळ्या प्रिंटरांसाठी मिळून. मी मॅक वापरत नाही, पण बायोडेटा डिझाइन करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडे तो पाहिला आणि हेच सगळीकडे का नसावे असे वाटले.

चौथी तक्रार लेटर पसरण्याची. पूर्वी लेटर फक्त आपल्या संगणकात असायचा, आता तो फाइलमध्ये बसून बाहेरून येतो. क्रोममध्ये ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करताना सुरुवातीचा कागद ब्राउझरच्या भाषेवरून ठरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वेबसाइट्स आतून पावत्या आणि हॉल तिकिटे तयार करायला क्रोमचेच बिनपडद्याचे (‘हेडलेस’, खिडकी न उघडता पाठीमागे चालणारे) रूप वापरतात. त्याला कागद सांगितला नाही तर तो साडेआठ बाय अकरा इंच धरतो. हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे आणि तिथे भाषेचा, देशाचा, कशाचाच विचार नाही. लिहिणारा प्रोग्रामर घाईत असतो, पडद्यावर पान नीट दिसते, तो पुढे जातो. मग महाराष्ट्रातल्या परीक्षेचे, महाराष्ट्रातल्या सर्व्हरवर तयार झालेले, महाराष्ट्रातल्या मुलाचे हॉल तिकीट अमेरिकी कागदावर जन्माला येते. लाटेक या मजकूर मांडणीच्या प्रोग्राममध्ये प्रबंध लिहिणाऱ्या मुलांच्या फायलींचेही असेच: त्यातल्या ‘आर्टिकल’ या तयार साच्याला (क्लासला) कागद सांगितला नाही तर तो लेटर धरतो. अशा फायली ए-फोरवर मूळ मापात छापल्या तर दोन्ही बाजूंनी मिळून सहा मिलिमीटर जातात. चौकट अगदी कडेला असेल तर तिची उभी रेघ जाते. ‘फिट’ केल्या तर ९७ टक्क्यांवर येतात. उलटे झाले, म्हणजे ए-फोरची फाइल मूळ मापात लेटरवर गेली, तर खालचे साडेसतरा मिलिमीटर गायब. दाखल्यांच्या तळाशी अनेकदा पडताळणीचा क्रमांक किंवा सहीची ओळ असते, आणि नेमकी तीच नसेल तर त्या कागदाला कोणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. लेटर वाईट आहे आणि तो जगातून जावा असे माझे म्हणणे नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुलाला लेटरच मिळायला हवा, कारण त्याच्या ट्रेमध्ये तोच आहे. इथल्या वकिलाने ए-फोरवर तयार केलेले कुलमुखत्यारपत्र तो तिथे लेटरवर छापतो तेव्हा त्यालाही हीच अडचण उलट्या बाजूने येते. त्याची यंत्रणा मराठीत असेल, तर भाषेवरून कागद ठरवण्याच्या तुमच्या पद्धतीने त्याच्यापुढे ए-फोर येईल आणि त्याचा प्रिंटर अडेल. भाषा माणसासोबत प्रवास करते. कागद तिथल्या बाजारात मिळतो. या दोन गोष्टी एकीला एक बांधल्यामुळे दोन्हीकडची माणसे अडचणीत येतात.

आणि भाषेवरून अंदाज बांधण्याची आता गरजही उरलेली नाही. आजचे प्रिंटर संगणकाशी आयपीपी या पद्धतीने बोलतात. त्यात प्रिंटर स्वतः तीन गोष्टी सांगू शकतो: कोणते कागद चालतात, नेहमीचा कागद कोणता, आणि या क्षणी ट्रेमध्ये कोणता भरलेला आहे. तिसऱ्या गोष्टीला ‘मीडिया-रेडी’ म्हणतात. कागदांची नावेही सगळ्यांनी मिळून ठरवली आहेत, नावातच माप असते, गोंधळाला जागा नाही. म्हणजे वायरच्या दुसऱ्या टोकाला बसलेले यंत्र उत्तर द्यायला तयार आहे. त्याला विचारण्याचे काम तुमचे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कागद देशावरून ठरवा. वापरकर्त्याने देश सांगितला असेल तर तो, नसेल तर वेळेच्या पट्ट्यावरून निघणारा. मेनूची, कीबोर्डची किंवा तारखेची भाषा यात आणू नका. ‘इंग्रजी (युनायटेड स्टेट्स)’ निवडलेल्या भारतातल्या संगणकावर ए-फोर यायला हवा आणि न्यू जर्सीतल्या मराठी संगणकावर लेटर.

संगणक पहिल्यांदा लावताना कीबोर्ड आणि घड्याळ विचारता तिथेच कागदही विचारा. ए-फोर की लेटर, एक प्रश्न, दोन पर्याय. देशाप्रमाणे एक आधीच निवडलेला ठेवा, म्हणजे ‘नेक्स्ट’ दाबत जाणाऱ्याचेही नुकसान होणार नाही.

काहीच माहीत नसेल तेव्हा ए-फोर धरा, आणि हे सगळ्या थरांत सारखे ठेवा: सी लायब्ररीत तसे आहेच, कप्सच्या ‘ऑटो’मध्ये तसे करा, क्रोमच्या बिनपडद्याच्या छपाईतही करा. जगाचा कागद म्हणून तुमच्याच माहितीसाठ्यात ए-फोर लिहिलेला आहे. तिथे अचानक बदल केल्याने जुने प्रोग्राम बिघडतील अशी भीती असेल, तर निदान कागद न सांगितल्याची सूचना प्रोग्रामरला दिसू द्या.

प्रिंटर ट्रेमधला कागद सांगत असेल तर त्याचे ऐका. सांगत नसेल तरच अंदाज बांधा.

वापरकर्त्याने एकदा निवडलेला कागद एका जागी जपून ठेवा. वायरची खाच बदलली, ड्रायव्हर नवीन आला, प्रिंटरची दुसरी नोंद तयार झाली, तरी तो पुसला जाऊ नये.

आणि ज्या मागणीसाठी मी हे पत्र लिहायला बसले ती: पान लहान किंवा मोठे करून छापणार असाल तर छापण्याआधी मोठ्या अक्षरांत सांगा. ‘हे पान ९४ टक्क्यांवर छापले जाईल, कारण फाइल ए-फोर आहे आणि प्रिंटर लेटरवर आहे’, असे एक वाक्य, आणि शेजारी ‘प्रिंटर ए-फोरवर करा’ असे एक बटण. हे वाक्य मराठीतही दिसू द्या. आमच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलाला ते वाचून काय करायचे ते लगेच कळेल, आणि काकांच्या हातात जाणारा नकाशा खऱ्या मापाचा असेल.

हे पत्र वाचणाऱ्या वेबसाइटवाल्यांना, विशेषतः शासकीय आणि शैक्षणिक संकेतस्थळांचे काम घेणाऱ्यांना, एवढीच विनंती: पीडीएफ तयार करताना कागद स्वतः लिहा. एका ओळीचे काम आहे. आणि संगणक असेंबल करून देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, विंडोज टाकताना प्रादेशिक स्वरूप ‘इंग्रजी (भारत)’ करून द्या. मेनू तसेच राहतात, रुपयाचे चिन्ह आणि तारीखही बरोबर येते.

वर मागितलेले बदल तपासायला खऱ्या दुकानातला खरा गोंधळ हवा असेल, तर जुने-नवे प्रिंटर, दिवसभराची गर्दी आणि मापाचे नकाशे आमच्याकडे आहेत. तुमच्यापैकी कोणीही चाचणीसाठी आले तर मी दुकान उघडे ठेवीन.

कळावे,

आपली,
एक झेरॉक्स-डीटीपी व्यावसायिक,
तहसील कचेरीसमोर, जि. सातारा